पावनखिंड दोनदा : नव्या दिग्दर्शकाकडून शिवपटाच्या चाहत्यांनी काय मागावे?

१/२१
भालजी पेंढारकरांचा ‘पावनखिंड’ १९५६ साली पडद्यावर आला. त्याच नावाचा दिग्पाल लांजेकरांचा चित्रपट १८ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. मध्ये ६६ वर्षे गेली. खिंड तीच, बाजीप्रभू तेच, आषाढातली पावसाळी रात्रही तीच. बदलला तो सांगणारा. लाडकी कथा नव्या दिग्दर्शकाच्या हाती जाते तेव्हा चाहत्यांच्या मनात आशा आणि धास्ती एकाच वेळी उभी राहते. त्या आशेचे स्वरूप कसे असावे, याचे उत्तर शोधायला कोल्हापूरच्या चित्रपट-इतिहासासारखी दुसरी जागा नाही.

२/२१
हा प्रश्न जगभर चर्चिला जातो तो मुख्यतः विज्ञानपटांच्या संदर्भात. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात दाखवली गेली आणि बंद पडली. चाहत्यांनी ती जिवंत ठेवली. १९८२ साली तिच्यावरचा दुसरा चित्रपट निकोलस मेयर या दिग्दर्शकाकडे आला. त्यांचा मालिकेशी पूर्वी फारसा परिचयच नव्हता. त्यांनी जुने भाग पाहिले, अंतराळयानात त्यांना सागरी आरमाराच्या कथा दिसल्या, आणि ‘द रॅथ ऑफ खान’ तयार झाला. आजही असंख्य चाहते त्या मालिकेतला सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याचेच नाव घेतात. भक्ताला जे सुचले नसते ते परक्याला सुचले. पण त्याआधी त्याने अभ्यास केला होता.

३/२१
मराठीला विज्ञानकथेचे वावडे नाही. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरातच जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. कथा वाढली, वाचकही लाभले. परंतु मराठी पडद्यावर विज्ञानपटांची मालिका मात्र उभी राहिली नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्याची वाट पाहावी, ज्याच्या प्रत्येक तपशिलावरून चाहत्यांनी भांडावे, असे स्थान मराठी चित्रपटात एकाच प्रकाराला मिळाले. तो प्रकार म्हणजे शिवपट.

४/२१
या परंपरेची एक ठळक सुरुवात १९२३ सालच्या ‘सिंहगड’ या मूकपटाने झाली. तो घडवला कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या बाबूराव पेंटरांनी. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीचा त्याला आधार होता. बाबूराव मूळचे चित्रकार. चित्रपटाचे कोणतेही शिक्षण न घेता त्यांनी कॅमेरा स्वतः तयार केला होता. तानाजीची लढाई रात्रीची, म्हणून ‘सिंहगड’मधील दृश्यांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. हे तंत्र मिरवण्यासाठी आले नव्हते. प्रसंगाची गरज आधी होती, तंत्र तिच्यामागून आले.

५/२१
त्याच मूकपटात शेलारमामाची भूमिका एका तरुणाने केली होती. त्याचे नाव व्ही. शांताराम. १ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना केली, आणि १९३३ साली शांतारामांनी ‘सिंहगड’ पुन्हा केला, या वेळी बोलपट म्हणून. गुरूने मूक ठेवलेल्या कथेला अवघ्या १० वर्षांत शिष्याने वाचा दिली. जुनी कथा नव्या हाती जाणे ही आजची टूम नव्हे. कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीची ती जुनी रीत आहे.

६/२१
१९३० सालच्या ‘उदयकाल’ची हकिकत याहून बोलकी आहे. शांतारामांनी त्यात स्वतः शिवरायांची भूमिका केली. चित्रपटाचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते; ब्रिटिश राजवटीतील सेन्सॉरला ते मानवले नाही आणि नाव बदलावे लागले. सविनय कायदेभंगाच्या त्या वर्षी ‘स्वराज्य’ हा शब्द सतराव्या शतकापुरता उरलाच नव्हता. प्रत्येक पिढीचा शिवपट भूतकाळाविषयी बोलत असतानाच आपल्या काळाशीही बोलत असतो. सेन्सॉरला हे प्रेक्षकांच्या आधी कळले होते.

७/२१
मग आले भालजी पेंढारकर. ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘थोरातांची कमळा’ (१९४१), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘पावनखिंड’ (१९५६), ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४). ही यादी केवळ पाठ करण्यासाठी नाही. शीर्षके पुन्हा वाचली तर ध्यानात येते की शिवरायांचे नाव त्यांतल्या एकाच चित्रपटाला आहे. उरलेल्यांत सेनापती आहे, हेर आहे, घराण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन स्त्रिया आहेत, एक खिंड आहे आणि सगळ्यांना जोडणारा एक संकल्प आहे.

८/२१
भालजींच्या शिवपटाचे मर्म इथे आहे. राजा केंद्रस्थानी असतो, पण कथा बहुधा त्याच्या माणसांची असते. स्वराज्य कोणी उभे केले, या प्रश्नाला भालजींचे चित्रपट एका नावाने उत्तर देत नाहीत. मावळातला शेतकरी, गडावरचा शिपाई, घर सांभाळणारी आणि प्रसंगी पुढे होणारी स्त्री, ही मंडळी त्यांच्या पडद्यावर गर्दी भरून काढण्यासाठी उभी केलेली नसतात. राजाचे मोठेपण त्यांच्या वागण्यातून सिद्ध होते. त्यासाठी त्याला दर प्रसंगी भाषण करावे लागत नाही.

९/२१
हे काम सुखासुखी झाले नाही. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत १९४८ साली भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला. ‘छत्रपती शिवाजी’, ज्यात चंद्रकांत मांढरे शिवराय झाले, तो चित्रपट या राखेनंतरचा आहे. पुढे ‘मोहित्यांची मंजुळा’ आणि ‘मराठा तितुका मेळवावा’ यांना लता मंगेशकरांनी ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले. नव्याने उभारणी म्हणजे काय असते, हे त्या स्टुडिओच्या भिंतींनी कोणत्याही समीक्षकाच्या आधी अनुभवले होते.

१०/२१
१९८१ साली भालजींचा ‘गनिमी कावा’ आला. त्यानंतर ‘सर्जा’ (१९८७) यासारखे मोजके अपवाद वगळता मोठ्या पडद्यावरचा शिवपट जवळजवळ थांबला. २००८ सालच्या ‘राजा शिवछत्रपती’ या दूरदर्शन मालिकेने घरोघरी तहान जागी केली, पण चित्रपटगृहातली जागा रिकामीच राहिली. आज विशी-पंचविशीत असलेल्या इतिहासप्रेमींचे बालपण याच पोकळीत गेले. आजीआजोबांकडे भालजींच्या आठवणी होत्या. नातवंडांकडे स्वतःचे असे काही नव्हते.

११/२१
ही पोकळी १ जून २०१८ रोजी ‘फर्जंद’ने मोडली. दिग्पाल लांजेकर हे नाव तेव्हा चित्रपट-दिग्दर्शक म्हणून नवे होते. विषय होता कोंडाजी फर्जंदाने मूठभर मावळ्यांनिशी १६७३ साली पन्हाळा जिंकल्याचा. पुढे ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (२०२२), ‘सुभेदार’ (२०२३) अशी ‘शिवराज अष्टका’ची मालिका उभी राहिली. पाचही चित्रपटांत चिन्मय मांडलेकर शिवराय झाले. मराठी प्रेक्षकाला सलग, एकमेकांशी जोडलेली ऐतिहासिक चित्रमालिका पहिल्यांदाच लाभली.

१२/२१
लांजेकरांना मिळालेल्या प्रतिसादाचे श्रेय केवळ विषयाला देणे अन्यायाचे होईल. विषय तर आधीही होताच. त्यांनी भालजींची मूळ युक्ती ओळखली. पहिलाच चित्रपट राजावर न करता कोंडाजीवर केला. ‘पावनखिंड’मध्ये बाजीप्रभू, ‘सुभेदार’मध्ये तानाजी. जुन्या परंपरेतले काय उचलावे, याची निवड इथे अचूक ठरली. चाहत्यांनी नव्या दिग्दर्शकाला पारखताना पहिली कसोटी हीच लावावी: त्याने परंपरेचा पोशाख उचलला आहे, की तिचा प्राण?

१३/२१
आज चाहत्यांच्या अपेक्षा ढोबळमानाने तीन असतात. चित्रपट भव्य असावा, इतिहासाला धरून असावा, आणि लहानपणी अंगावर आलेला काटा पुन्हा यावा. यांपैकी भव्यतेची मागणी सर्वांत मोठ्याने होते आणि सर्वांत कमी कामाची आहे. संगणकाने आता हजारोंचे सैन्य उभे करता येते. पण घोडखिंडीचा प्रसंग मोठा आहे तो माणसे थोडी होती म्हणून. तिथे पडद्यावरची गर्दी जितकी वाढवावी तितका प्रसंग लहान होत जातो. बाबूराव पेंटरांचा धडा हाच आहे: आधी प्रसंग काय मागतो ते पाहावे.

१४/२१
दुसरी अपेक्षा, इतिहासाला धरून असण्याची, अधिक गुंतागुंतीची आहे. विज्ञानपटांच्या दुनियेत ‘अधिकृत कथा’ कोणती हे मालक ठरवतो. २०१४ साली ‘स्टार वॉर्स’च्या मालक कंपनीने आधीच्या कादंबऱ्यांतून वाढलेले विश्व एका घोषणेने बाजूला काढले आणि त्याला ‘दंतकथा’ असे नाव दिले. शिवकाळाला असा मालक नाही. इथे अधिकृत ठरते ते कागदपत्रांनी. मात्र व्यवहारात उलटे घडते: चित्रपट एखादी दंतकथा दाखवतो, आणि पुढच्या पिढीच्या लेखी ती इतिहास बनून जाते.

१५/२१
सिंहगडाचेच उदाहरण घ्यावे. कड्यावर चढणारी घोरपड पोवाड्यातून आली. समकालीन कागदपत्रांत ती सापडत नाही. तानाजीच्या बलिदानानंतर कोंढाण्याला ‘सिंहगड’ हे नाव पडले, अशी समजूत सार्वत्रिक आहे. पण हे नाव १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारातही आढळते. याने तानाजीचा पराक्रम तसूभरही उणा होत नाही. उलट दोराने कडा चढणाऱ्या माणसांचे धाडस घोरपडीच्या चमत्कारावाचून अधिक खरे वाटते. तरीही घोरपड वगळण्याचे धैर्य दिग्दर्शकाला क्वचितच होते, कारण चाहते नाराज होतील ही भीती असते.

१६/२१
पावनखिंडीचेही तसेच. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवराय निसटले आणि बाजीप्रभू व बांदलांच्या माणसांनी खिंड लढवली, हा गाभा पक्का आहे. माणसे किती, क्षण कोणता, शेवटचे शब्द काय, याबाबत साधनांत एकवाक्यता नाही. आणि जे भक्कम पुराव्याने सिद्ध आहे ते अनेकांना ठाऊकही नसते: राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफ घेऊन पन्हाळ्यावर आला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला. १६६१ साली शिवरायांनी राजापूरवर चाल करून त्याची किंमत वसूल केली. अस्सल नाट्य दप्तरांत पडून असताना दिग्दर्शकाने ते कल्पनेतून उसने का आणावे?

१७/२१
यावर एक आक्षेप रास्त आहे: चित्रपट म्हणजे प्रबंध नव्हे. संवाद कल्पावेच लागतात. दोन दिवसांचा प्रसंग दोन तासांत बसवावा लागतो. आक्षेप मान्य केला तरी प्रामाणिकपणाची वाट बंद होत नाही. चित्रपटाच्या अखेरीस कोणता प्रसंग पत्रांतून घेतला, कोणता बखरीतून, कोणता पोवाड्यातून आणि कोणता पटकथाकाराने रचला, एवढे चार ओळींत सांगता येते. त्याने रसभंग होत नाही. तरुण प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडून थेट ग्रंथालयाकडे वळावा, यापेक्षा शिवपटाला मोठे यश कोणते?

१८/२१
तिसरी अपेक्षा ‘पूर्वीसारखेच’ हवे असण्याची. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ती वास्तू होती तशीच पुन्हा उभी राहावी, अशी मागणी शहराने केली, आणि ती योग्यच होती. वास्तूला जुने मोजमाप असते. तिचे दगड, तिचा रंगमंच मापून पुन्हा रचता येतो. चित्रपटाचे तसे नसते. भालजींची संवादफेक आज जशीच्या तशी आणली तर ती नक्कल वाटेल. नाट्यगृह ‘होते तसे’ मागावे. चित्रपट ‘होता तितका खरा’ मागावा.

१९/२१
चाहत्यांची जबाबदारी दिग्दर्शकाइतकीच आहे. समाजमाध्यमांवर आपल्या कुटुंबाला झालेल्या मनस्तापानंतर २०२४ साली चिन्मय मांडलेकरांनी शिवरायांची भूमिका पुन्हा न करण्याचे जाहीर केले. पाच चित्रपटांत ज्याला डोक्यावर घेतले, त्याच कलावंताच्या घरापर्यंत पोचणारी टीका इतिहासप्रेमातून आलेली म्हणता येत नाही. संदर्भ चुकला तर पुरावा दाखवावा, अभिनय फसला तर तसे लिहावे. पण भयाने दबलेला कलावंत घोरपड वगळणार नाही, नवा प्रश्नही विचारणार नाही. तो फक्त टाळ्यांची खात्री असलेली वाक्ये म्हणेल.

२०/२१
आणखी एक गोष्ट. ‘पावनखिंड’ प्रदर्शित झाला त्याच फेब्रुवारीत, २०२२ साली, जयप्रभा स्टुडिओची जागा वाचावी म्हणून कोल्हापूरचे कलावंत आणि नागरिक आंदोलनाला बसले होते. शिवपट पडद्यावर पुन्हा बहरत होता आणि तो ज्या अंगणात वाढला त्या अंगणाचा निर्णय अधांतरी होता. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतांश मूकपट आज पाहायलाही मिळत नाहीत. ज्या परंपरेच्या पुनरुज्जीवनाचा जयघोष होतो, तिची मूळ प्रतच हाती नसेल तर नवा दिग्दर्शक शिकणार कोणाकडून? मेयर यांना निदान जुने भाग पाहता आले होते. नव्या चित्रपटाची मागणी करणाऱ्यांनी जुन्या चित्रफितींच्या जतनाची मागणीही तितक्याच हट्टाने करायला हवी.

२१/२१
आता पुढची आशा नव्या हातांवर आहे. एकच चित्रपट दिग्दर्शित केलेल्या रितेश देशमुखांनी ‘राजा शिवाजी’ १ मे २०२६ या तारखेसह जाहीर केला. त्यांच्यानंतर आणखी कोणी येईल. त्यांपैकी प्रत्येकाने दरवर्षी जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे निघणाऱ्या तरुणांबरोबर एकदा चालून पाहावे. पाऊस, चिखल, जळवा, धुके. दोन दिवस चालून पाय भरून येतात. त्या वाटेवर कोणी शिवरायांसारखा दिसत नाही. सगळे मावळ्यांसारखे दिसतात: दमलेले, भिजलेले, तरीही पुढे जाणारे. भालजींच्या चित्रपटांनी याच माणसांना नाव दिले होते. नव्या दिग्दर्शकाने एवढे राखले, तर बाकी सर्व बदलण्याची मुभा चाहत्यांनी त्याला आनंदाने द्यावी.